नटसम्राट मुका झाला

आईच्या पंचाहत्तरीला घरात दहा-बारा माणसं जमली होती. जेवणं उरकली, मसाला दूध फिरलं आणि ठरल्याप्रमाणे मी हॉलमध्ये 'नटसम्राट' लावला. शिरवाडकरांचं नाटक आईने डॉ. लागूंचं पाहिलेलं. महेश मांजरेकरांचा २०१६चा सिनेमा मात्र राहून गेला होता. लॅपटॉपवरून टीव्हीला चित्र आणि होम थिएटरला आवाज अशी जोडणी मी दुपारीच करून ठेवली होती आणि त्याचा जरा अभिमानही मिरवून झाला होता.

सिनेमा सुरू झाला. पार्श्वसंगीत असं घुमलं की शोकेसच्या काचा थरथरल्या. मेहुण्याने "वा!" म्हणून दाद दिली. मग नाना पाटेकर पडद्यावर आले, त्यांचे ओठ हलले, आणि मागे नुसतं संगीतच वाजत राहिलं.

"नाना बोलत का नाहीयेत रे?" आईने विचारलं.

मी आवाज वाढवला. संगीत आणखी चढलं, नाना विहिरीच्या तळातून बोलल्यासारखे पुटपुटले. पुन्हा वाढवला. खालच्या मजल्यावरून फोन आला. ज्या सिनेमाचा सगळा जीव स्वगतांत आहे, तो आम्ही दहा मिनिटं मूकपट म्हणून पाहिला. शेवटी वायर उपटली आणि टीव्हीच्याच चपट्या स्पीकरवर बाकीचा सिनेमा उरकला. आईला तो आवडला. मला त्यातलं काही आठवत नाही, कारण मी मनातल्या मनात वायरी मोजत होतो.

कारण कळलं ते दोन दिवसांनी, आणि ते इतकं क्षुल्लक होतं की सांगायला लाज वाटते. हेडफोनच्या भोकात जाणारी ऑक्स वायरची पिन पूर्ण आत गेली नव्हती. लॅपटॉपला मी हौसेने घातलेलं प्लास्टिकचं कव्हर आड येत होतं. या पिनेवर तीन भाग असतात: एक डाव्या आवाजाचा, एक उजव्या आवाजाचा आणि तिसरा दोघांच्या परतीच्या वाटेचा. हा तिसरा सुटला की अँप्लिफायरपर्यंत डाव्या-उजव्यातला फक्त फरक पोचतो. संवाद दोन्हीकडे सारखेच भरलेले असतात. सारख्यातून सारखं वजा झालं की उरतं शून्य. संगीत, पाऊस, गर्दी हे दोन्हीकडे वेगवेगळं असतं, म्हणून तेवढं शिल्लक राहतं. गाण्यातून गायकाचा आवाज काढून कॅराओके करायची जुनी युक्ती हीच. तेव्हा संगीत दणदणीत आणि माणसं मुकी असा प्रकार दिसला, तर आवाजाच्या सेटिंगमध्ये शिरू नका. आधी पिन दाबा, तरी नाही जमलं तर वायर बदला.

पण मुळात ऑक्स वायर लावायची वेळ माझ्यावर का आली, ते सांगायला हवं, कारण माझी खरी चूक तिथे आहे.

आमचं होम थिएटर जुनं आहे, डीव्हीडी प्लेअर पोटातच असलेलं. पाच छोटे स्पीकर आणि एक सबवूफर, म्हणून ५.१. त्यातला पॉइंट एक म्हणजे सबवूफर. या संचाच्या मागे एचडीएमआयचं भोक आहे आणि लॅपटॉपलाही आहे, एवढ्या भांडवलावर मी तपकीर गल्लीच्या बाजारात जाऊन पाच मीटरची एचडीएमआय केबल घेऊन आलो. दोन टोकं दोन भोकांत घातली. काहीच झालं नाही. केबल खराब म्हणून बदलून आणली, दुकानदाराने कुरकुर न करता बदलून दिली. तरीही काही नाही. मुलीने मोबाइलचा टॉर्च मारून डब्याच्या मागची बारीक अक्षरं वाचली. "बाबा, इथे आउट लिहिलंय."

लॅपटॉपचं भोकही आउटच. म्हणजे दोघेही बोलणारे, ऐकणारा कोणीच नाही. डीव्हीडीवाल्या त्या काळच्या पुष्कळ संचांना एचडीएमआय होतं ते केवळ स्वतःचं चित्र टीव्हीला पाठवण्यासाठी. बाहेरून काही आत घेण्याची सोयच नाही. एव्ही रिसीव्हर किंवा नवा साउंडबार असेल तर मागे 'इन' असं छापलेलं सापडू शकतं. ते असेल तर भाग्यवान आहात: लॅपटॉप त्या इनमध्ये, रिसीव्हरच्या आउटमधून टीव्हीला, काम संपलं.

म्हणून पहिली गोष्ट, बाजारात जाण्याआधी डबा ओढून त्याच्या पाठीचा फोटो काढा. टीव्हीच्या पाठीचाही काढा. आमच्यासारखा इन नसलेला संच असेल तर आवाजाला टीव्हीमार्फत वळसा घालावा लागतो. लॅपटॉपची एचडीएमआय टीव्हीला, आणि टीव्हीकडून ऑप्टिकल वायर होम थिएटरला. दोन्हीकडे एआरसी लिहिलेलं भोक असेल तर तिथेही एचडीएमआयच चालते, पण त्याच भोकात, शेजारच्यात नाही, आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी चालू हवं. एआरसी ही टीव्हीकडून आवाज परत पाठवण्याची सोय २००९मध्ये आली, तेव्हा त्याआधीच्या टीव्हीत ती शोधत बसू नका.

ऑप्टिकल वायरीत वीज नसते, नुसता प्रकाश असतो. तिच्या दोन्ही टोकांना इवलीशी पारदर्शक टोपणं असतात. ती काढायची असतात. मी काढली नव्हती. पुढे बोलत नाही.

ऑप्टिकल लागली तरी पाचही स्पीकर बोलतीलच असं नाही. टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये 'पीसीएम' असेल तर त्या वायरीतून दोनच चॅनल जातात. तिथे 'बिटस्ट्रीम', 'ऑटो' किंवा 'डॉल्बी डिजिटल' असं निवडावं लागतं. काही टीव्ही एचडीएमआयमधून आलेला आवाज कसाही आला तरी दोन चॅनलचा करूनच पुढे देतात, त्यावर इलाज नाही. ऑक्स आणि ब्लूटूथचं तर विचारूच नका, त्यातून दोनच चॅनल येतात. वर ब्लूटूथमध्ये आवाज मागे पडतो: दार आपटतं आणि धाडकन आवाज नंतर येतो. मागचे स्पीकर तरीही वाजतात म्हणून माणूस खूश होतो, पण ते पुढचंच मागे ऐकवत असतात. खऱ्या ५.१मध्ये संवाद बहुतेक मधल्या स्पीकरचे, मागचे दोन पावसाचे आणि पाठलागाचे.

लॅपटॉपच्या बाजूने फारसं काही नाही. विंडोजची कळ आणि पी दाबून 'डुप्लिकेट' किंवा 'सेकंड स्क्रीन ओन्ली' घ्यायचं, आणि आवाजाच्या चिन्हावर जाऊन आउटपुट म्हणून टीव्हीचं नाव निवडायचं. निम्म्या घरांतली 'चित्र येतंय, आवाज नाही' ही तक्रार इथेच मिटते. व्हीएलसी प्लेअरमध्ये ओठ आणि आवाज जुळत नसतील तर जे आणि के या कळांनी आवाज मागेपुढे सरकवता येतो. झाकण बंद केल्यावर लॅपटॉप झोपू नये अशी सेटिंग करून ठेवा, आणि सूचनांचे आवाज बंद करा. आमच्याकडे एका हळव्या प्रसंगी सबवूफरमधून व्हॉट्सअ‍ॅपची टिंग आली होती. लॅपटॉपला एचडीएमआय नसून यूएसबी-सी असेल तर कन्व्हर्टर घेण्याआधी खात्री करा, कारण प्रत्येक यूएसबी-सीमधून चित्र बाहेर पडत नाही.

आता महागात पडलेली गोष्ट.

पंचाहत्तरीनंतरच्या रविवारी, ऑप्टिकलचं शहाणपण यायच्या आधी, मी नवी ऑक्स वायर आणली. नाना बोलू लागले. अर्ध्या तासाने बॅटरी उतरली म्हणून चार्जर लावला आणि स्पीकरांतून घूंऽऽ असा अखंड आवाज सुरू झाला, एखादा भुंगा पिंपात अडकावा तसा. चार्जर काढला की बंद, लावला की सुरू. शेजारच्या एका जाणकारांनी बघितलं आणि म्हणाले, "अर्थिंगचा प्रॉब्लेम आहे. थ्री-पिनला टू-पिन कन्व्हर्टर लाव, जाईल." वीस-पंचवीस रुपयांचा कन्व्हर्टर लावला. गेला! मी त्यांना चहा पाजला.

त्यानंतर लॅपटॉपच्या धातूच्या अंगावर मनगट टेकलं की झिणझिण्या येऊ लागल्या. मी दुर्लक्ष केलं. पुढच्या आठवड्यात टीव्ही चालू, चार्जर चालू, अशा स्थितीत लॅपटॉपला एचडीएमआय केबल खुपसली. बारीक टिक झालं आणि त्या पोर्टने कायमचे डोळे मिटले.

दुरुस्तीवाल्याने जे समजावलं ते असं. डिशची तार गच्चीवरच्या लोखंडी खांबामार्फत जमिनीला टेकलेली, चार्जरची तिसरी पिन दुसऱ्या वाटेने जमिनीला टेकलेली. मध्ये टीव्ही, होम थिएटर आणि ऑक्स वायर. जमिनीला जाणाऱ्या या दोन वाटांचं एक कडं तयार होतं आणि ५० हर्ट्झची वीज त्यात गुणगुणत फिरते. तिसरी पिन तोडली की कडं तुटतं, आवाज थांबतो. पण चार्जरमधली जी किंचित गळती त्या पिनेतून मुकाट जमिनीत जात होती, ती आता लॅपटॉपच्या अंगावर साचून बसते. झिणझिण्या त्याच्याच. केबल खुपसताना ती टीव्हीच्या दिशेने पळते आणि वाटेत नाजूक चिप असते. त्याने आणखी एक गोष्ट सांगितली: उद्या चार्जर आतून खरोखर बिघडला तर वाचवणारी तीच एक पिन असते.

"मग घूं कसं घालवायचं?" मी विचारलं. त्याने तीन उपाय सांगितले. सिनेमापुरता लॅपटॉप बॅटरीवर चालवा. नाहीतर ऑक्सच्या मध्ये लावायचा छोटा ग्राउंड लूप आयसोलेटर मिळतो, तो लावा. सगळ्यांत बरं म्हणजे ऑप्टिकल, तिच्यात तांबंच नाही, तर कडं होणार कुठून? आणि केबली जोडायच्या त्या सगळं बंद असताना.

पोर्टसाठी मदरबोर्डला हात लावावा लागेल, खर्च नव्या लॅपटॉपच्या जवळ जाईल, असं त्याने सांगितलं. मी तो तसाच ठेवला आहे. नशिबाने माझ्या लॅपटॉपच्या यूएसबी-सीतून चित्र बाहेर पडतं, त्यावर कन्व्हर्टर लावून आमचं चाललंय. गेल्या महिन्यात आईने 'नटसम्राट' पुन्हा लावायला सांगितला. या वेळी नाना मधल्या स्पीकरमधून खणखणीत बोलले.

तो टू-पिन कन्व्हर्टर मी मोडून कचऱ्यात टाकला. तुमच्या टीव्हीमागे असा एखादा लटकत असेल, तर आज रात्री सिनेमा लावण्याआधी काढून टाका.