लिनक्स संगणकावर पाठाचे चित्रमुद्रण

कोनाच्या भुजा लांब काढल्या म्हणजे कोनही मोठा होतो, अशी पुष्कळ मुलांची समजूत असते. फळ्यावरील स्थिर आकृतीने ती सहसा दूर होत नाही. संगणकावर ‘जिओजेब्रा’ या साधनात भुजेवरील बिंदू त्याच किरणावर पुढे सरकविला, तर माप बदलत नाही, हे मूल प्रत्यक्ष पाहते. परंतु ऊसतोडणीच्या हंगामात आईबापांबरोबर परगावी गेलेल्या मुलाचा हा पाठ हुकतो. पडद्यावरील ही क्रिया शिक्षकाच्या आवाजासह मुद्रित करून ठेवल्यास परतल्यावर त्यास ती वारंवार पाहता येते.

साधने : उबुंटू २२.०४ मध्ये ‘प्रिंट स्क्रीन’ ही कळ दाबली असता एक चौकट दिसते. तीत चित्रमुद्रणाचे चिन्ह निवडून, पडद्याचा हवा तो भाग आखून गोल बटण दाबावे. या सोयीने केवळ चित्र मिळते. आवाज मिळत नाही. निवेदनासह पाठ हवा असल्यास ‘ओबीएस स्टुडिओ’ वापरावा. तो विनामूल्य आहे.

कृती : ‘सोर्सेस’ या चौकटीतील अधिक चिन्ह दाबून ‘स्क्रीन कॅप्चर’ निवडावे व विचारल्यास परवानगी द्यावी. नंतर बोलून पाहावे. ‘ऑडिओ मिक्सर’मधील पट्टी हलली, तर आवाज पोहोचत आहे असे समजावे. ‘स्टार्ट रेकॉर्डिंग’ने मुद्रण सुरू होते.

दक्षता :

१. मुद्रण ‘एमकेव्ही’ स्वरूपात करावे. मध्येच वीज गेली तरी तोवरचा भाग बहुधा वाचतो. साध्या ‘एमपी४’चे तसे नाही, संपूर्ण श्रम वाया जाण्याचा संभव असतो. मागाहून ‘रिमक्स रेकॉर्डिंग्ज’ने रूपांतर करता येते.

२. सेकंदास २५०० किलोबिट हा वेग ठेवल्यास दहा मिनिटांच्या चित्रास सुमारे १८८ मेगाबाइट जागा लागते. म्हणून एका पाठात एकच संकल्पना घ्यावी.

३. विद्यार्थ्यांची नावे, गुण व हजेरी असलेली पाने आधी बंद करावीत. एकदा वाटलेली प्रत परत घेता येत नाही.

प्रथम अर्ध्या मिनिटाचे मुद्रण करून ते ऐकावे व नंतरच पाठास आरंभ करावा. चित्र पाहून झाल्यावर मुलाकडून वहीत लहानमोठ्या भुजांचे दोन समान कोन काढवून घ्यावेत. समजूत पालटली की नाही, हे तेथेच कळेल.