पडकी इमारत बाहेरूनच ओळखा



मागच्या महिन्यात मधल्या सुट्टीत आठवीची तीन मुले चेंडू आणण्यासाठी शाळेमागच्या जुन्या, बंद खोल्यांत शिरली. मी त्यांना बाहेर बोलावले आणि रागावण्याआधी विचारले, "आत जायला धोका नाही, हे तुम्ही कसे ठरवले?" एकाने प्रामाणिकपणे सांगितले, "सर, भिंत दगडी आहे, दोन हात जाड आहे. ती कशी पडेल?" उत्तर चुकीचे होते, पण त्या मुलाने विचार केला होता. म्हणूनच हा पाठ.

जाड भिंत म्हणजे मजबूत भिंत नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. हजारो माणसे मेली, आणि त्यांतील बहुतेक जण जाड दगडी भिंतींच्या घरांतच झोपलेले होते. अशा भिंतीत दगडांचे दोन थर असतात, एक आतला व एक बाहेरचा. मध्ये चिखल आणि बारीक दगड भरलेले असतात. दोन्ही थरांना बांधून ठेवणारे आरपार लांब दगड नसतील, तर एक थर सुटून ढासळतो आणि वरचे मातीचे जड माळवद खाली येते.

भिंत पडायला भूकंपच लागतो असे नाही. पाऊससुद्धा पुरतो. चिखल भिजला की दगडांवरची पकड सैल होते आणि माळवदाचे वजन वाढते. ऑगस्ट २०१७ मध्ये अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील निंबोडी येथे आणि २५ जुलै २०२५ रोजी राजस्थानातील झालावाड जिल्ह्यात पिपलोदी येथे शाळेचे छत कोसळून मुले दगावली. पिपलोदीला सात मुले गेली. या तर रोज भरणाऱ्या शाळा होत्या. मग वर्षानुवर्षे बंद असलेल्या घराचे काय?

आपल्या आदिलाबादची काळी कापसाची जमीन आणखी एक कारण आहे. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावरचा उथळ पाया दरवर्षी थोडा वर-खाली होतो व भिंतीला तडे जातात. राहत्या घरात माणूस ते बुजवतो. बंद घरात ते वाढतच राहतात.

आता बाहेरून दिसणाऱ्या खुणा लक्षात ठेवा:

१. दारा-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली भेग. केसाएवढी भेग गिलाव्याची असू शकते. बोट शिरेल एवढी भेग भिंतीची असते.
२. भिंतीचे पोट फुगलेले किंवा भिंत झुकलेली. गवंडी हे ओळंब्याने पाहतो. तुम्ही ती शेजारच्या सरळ खांबाशी ताडून पाहा.
३. स्लॅबवर तांबूस डाग किंवा उघडी पडलेली सळई. लोखंडापेक्षा गंजाला जागा जास्त लागते, म्हणून तो आतून सिमेंट फोडतो.
४. वाकलेले आढे, वाळवी लागलेले वासे.
५. सांध्यांत उगवलेला पिंपळ किंवा वड. त्याची मुळे पाचरीसारखी दगड वेगळे करतात.

यांतील एकही खूण दिसली तर आत जायचे नाही. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, एकही खूण दिसली नाही तरी आत जायचे नाही. बाहेरून पाहून "नको" म्हणता येते, "हो" म्हणता येत नाही. भिंतीत शिरलेले तुळईचे टोक कुजले आहे का, हे बाहेरून दिसत नाही. ते तपासणे अभियंत्याचे काम आहे. भिंत जितकी उंच, निदान त्याच्या दीडपट लांब उभे राहा. उटनूरचा किल्ला पाहायला जाल तेव्हाही पडक्या भिंतीवर चढू नका, कमानीखाली फोटोसाठी थांबू नका.

गृहपाठ: आपल्या राहत्या घरात एखादी भेग असेल, तर तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने रेघ ओढून तारीख लिहा. दर महिन्याला पाहा. भेग रेघेच्या पुढे गेली तर ती वाढत आहे. लगेच वडिलांना किंवा आईला दाखवा. पालकांनी ते हसण्यावारी नेऊ नये.

विश्वस्त मंडळींना माझी नम्र विनंती आहे. त्या खोल्यांना कुलूप लावून आपण निश्चिंत झालो. मागची खिडकी उघडीच होती, आणि ती मी पाहिली नाही, ही माझी चूक आहे. मृगाचा पाऊस येण्याआधी अभियंत्याकडून तपासणी करून खोल्या दुरुस्त कराव्यात किंवा पाडाव्यात. तोपर्यंत कुंपण आणि मराठी व तेलुगूत फलक या आठवड्यातच लावत आहोत.

आणि मुलांनो, चेंडू पुन्हा आत गेला तर सरळ माझ्याकडे या. दुसरा चेंडू मिळेल. कोणी रागावणार नाही.