छत्तीसचा आकडा

जळगावात आयुष्य काढलेल्या माणसाला उन्हाची भीती दाखवू नये, असं मला पन्नाशी उलटेपर्यंत मनापासून वाटत होतं. पारा पंचेचाळिसाला टेकला की आम्ही दुपारभर दारं-खिडक्या लावून घेतो, कूलरच्या टाकीत पाणी भरतो, कैरीचं पन्हं पितो आणि उन्हं कलली की पुन्हा कामाला लागतो. सुरतेजवळच्या हजीऱ्याच्या एका कारखान्यात नोकरीला असलेला माझा शाळासोबती फोनवर म्हणाला, "मे महिन्यात आण्णांना घेऊन येऊ नको भाऊ, दिवाळीनंतर ये." मी मोबाइलवर सुरतेचं तापमान पाहिलं. ३६. जळगावला त्या दिवशी ४४ होतं. "अरे, आम्हाला तर थंड हवेच्या ठिकाणी आल्यासारखं वाटेल," असं मी त्याला सांगितलं. त्या एका आकड्यावर विसंबून मी माझ्या वडिलांना, आण्णांना, मरणाच्या दारात नेऊन उभं केलं, म्हणून हे लिहितो आहे.

आम्ही चौघं निघालो: मी, बायको, कॉलेजात जाणारी मुलगी आणि आण्णा. आण्णा ७६ वर्षांचे, इतिहासाचे निवृत्त शिक्षक. तब्येत चांगली, फक्त रक्तदाबाची गोळी चालू. पहाटे पाचला निघायचं ठरलं होतं, सामान बांधता बांधता साडेआठ वाजले. जळगावहून पारोळा, धुळे, साक्री, मग कोंडाईबारीचा घाट, नवापूर, सोनगड, व्यारा, बारडोली आणि सुरत. सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपासचा हा रस्ता म्हणजे पूर्वीचा सहा नंबरचा महामार्ग, आता त्रेपन्न. त्याचं एक टोक हजीऱ्याला, दुसरं थेट ओडिशात पारादीपला. आमची तापीसुद्धा मुलताईहून निघून ७२४ किलोमीटर चालत येते आणि हजीऱ्याजवळच समुद्राला मिळते. नदी आपली, रस्ता आपला, सुरतेच्या लिंबायत-डिंडोलीत पावलोपावली खान्देशी माणसं. हवाही आपल्यासारखीच असणार, असं मी धरून चाललो होतो.

घाटात आण्णा म्हणाले, "महाराज सुरतेवर दोनदा गेले. १६६४ च्या जानेवारीत आणि १६७० च्या ऑक्टोबरात. मे महिन्यात नाही गेले." आम्ही सगळे हसलो, तेही हसले.

गाडीत एसी चालू होता, त्यामुळे कुणाला तहान लागली नाही. खरं कारण आणखी एक होतं, ते मला नंतर कळलं. बायको आणि मुलगी मुद्दामच पाणी पीत नव्हत्या, कारण वाटेत स्वच्छ शौचालय मिळेल याची खात्री नव्हती. आण्णांनाही सारखं "गाडी थांबव" म्हणायचा संकोच. सकाळपासून अर्धा-अर्धा पेला पाणी पिऊन ही तीन माणसं सुरतेत उतरली. बायकांनी प्रवासात पाणी टाळणं ही आपल्या घराघरांतली गोष्ट आहे आणि गाडी चालवणाऱ्या पुरुषाच्या ती लक्षातही येत नाही. पेट्रोल पंपावर शौचालय आणि पिण्याचं पाणी मोफत द्यावं लागतं, तिथं पेट्रोल भरण्याची अट नाही. दर दीड तासाने गाडी आपणहून थांबवावी, कुणी म्हणायची वाट पाहू नये.

मित्राचं घर पाल भागात. वहिनींनी ताक दिलं, मी पंख्याखाली बसलो, तरी अंगाची चिकचिक काही जाईना. "कूलर नाही घेतलास?" मी विचारलं. "इथं कूलर काय करेल?" तो म्हणाला. हे मला तेव्हाच नीट समजून घ्यायला हवं होतं.

जळगावचा कूलर आणि जळगावचा माठ एकाच न्यायाने चालतात. पाण्याची वाफ होताना ते आसपासची उष्णता ओढून घेतं. माठाच्या अंगातून पाझरलेलं पाणी उडतं आणि आतलं गार राहतं. माणसाचं शरीरही असाच माठ आहे. घाम येतो एवढ्याने काही होत नाही, तो उडाला तर अंग निवतं. आमच्याकडच्या कोरड्या हवेत घाम इतक्या झटकन उडतो की आला होता हे कळतसुद्धा नाही, फक्त सदऱ्यावर मिठाचे पांढरे ओघळ राहतात. समुद्राकाठची हवा आधीच वाफेने भरलेली. तिथं घाम निथळतो, थेंब थेंब खाली पडतो, पाणी आणि मीठ दोन्ही जातं आणि गारवा मात्र मिळत नाही. ३६ अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता एकत्र आली, तर अंगाला जाणवणारी उष्णता ४८ च्या घरात जाते, तीही सावलीत. म्हणूनच आपलं हवामान खातं मैदानी भागात उष्णतेच्या लाटेचा विचार ४० अंशांपासून करतं, पण किनाऱ्यावर ३७ पासूनच. हा फरक मला ठाऊक नव्हता. ठाऊक असायला हवा होता, कारण १६ एप्रिल २०२३ ला नवी मुंबईत खारघरच्या मैदानावर उन्हात बसलेली १४ माणसं उष्माघाताने गेली. पारा तेव्हाही चाळिशीच्या आतच होता. ती बातमी मी वाचली होती, हळहळलो होतो. पण आपल्या प्रवासाशी तिचा काही संबंध असेल, हे डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मित्राची सुट्टी. त्याचं म्हणणं, सकाळी सातला निघू आणि दहापर्यंत परत येऊ. आमचा नाश्ता, अंघोळी, लोचो खायची मुलीची हौस, यात अकरा वाजले. मित्र म्हणाला, आता संध्याकाळीच जाऊ. मीच हट्ट धरला. मुलीला घोघ्याला जाणारी रो-रो बोट पाहायची होती, आण्णांना सुवाळी. सुवाळीच्या समुद्रात १६१२ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज आरमारांची लढाई झाली, हे त्यांनी वर्षानुवर्षं वर्गात शिकवलं होतं, ती जागा कधी पाहिली नव्हती. शिवाय तिथं जवळच थॉमस कॉरिएटची म्हणून ओळखली जाणारी कबर आहे. हा इंग्रज प्रवासी बहुतेक वाट पायी तुडवत हिंदुस्थानात आला आणि डिसेंबर १६१७ मध्ये सुरतेत हगवणीने वारला. अंगातलं पाणी आणि क्षार निघून जाऊन माणूस जातो, तो असा. आण्णांनी गाडीत ही सगळी गोष्ट मुलीला सांगितली.

बोट लांबून पाहिली. सुवाळीला पोचलो तेव्हा साडेबारा वाजले होते. समुद्रावरून वारा येत होता आणि त्या वाऱ्यानेच मला फसवलं, कारण वारा म्हणजे गारवा असं मन धरून चालतं. आण्णा वाळूतून अर्धा तास चालले. सदरा भिजून अंगाला चिकटला होता. "घाम येतोय ना, मग ठीक आहे," असं मी मनाशी म्हणालो. उष्माघातात घाम थांबतो, कातडी कोरडी पडते, एवढंच मला माहीत होतं. ही समजूत अर्धवट आहे. दमट हवेत, चालण्याचे श्रम झाले असतील तर, घामाने निथळणाऱ्या माणसालाही उष्माघात होतो.

आण्णा वाळूवर बसले आणि त्यांनी मला माझ्या काकांच्या नावाने हाक मारली. काका जाऊन बारा वर्षं झाली. मग त्यांनी विचारलं, "शाळा सुटली का?"

मला वाटलं, दमले आहेत. मी त्यांना उठवून गाडीकडे न्यायला लागलो. गाडी तासभर उन्हात बंद उभी होती. बंद गाडी पहिल्या दहा मिनिटांत बाहेरच्यापेक्षा दहा अंशांनी तापते आणि तासाभरात वीस अंशांहून जास्त. मी माझ्या वडिलांना त्या भट्टीत बसवणार होतो. मित्राने माझा दंड धरला. त्याच्या कारखान्यात भट्टीजवळ काम करणाऱ्यांना उष्माघाताचं प्रशिक्षण असतं. "बोलणं बिघडलं की तो थकवा नसतो. आधी इथं गार करायचं, मग न्यायचं."

त्याने एका टपरीच्या सावलीत आण्णांना आडवं केलं, सदरा-बनियन काढलं, होतं तेवढं सगळं पाणी अंगावर ओतलं. टपरीवाल्याने न मागता बर्फाची लादी फोडून दिली. काखेत, मानेला, जांघेत बर्फाचे तुकडे कापडात गुंडाळून ठेवले, आणि आम्ही पुठ्ठ्यांनी जोरजोराने वारा घालत राहिलो, कारण हवा हलली तरच त्या दमटपणात थोडं पाणी उडतं. मुलीने १०८ लावला. मी पाण्याची बाटली आण्णांच्या तोंडाला लावायला गेलो तर मित्र ओरडला. शुद्ध हरपत चाललेल्या माणसाला पाणी पाजलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. ताप उतरावा म्हणून मी खिशात तापाची गोळी शोधत होतो, तीही उपयोगाची नव्हती. हा ताप आजाराचा नव्हे, त्या गोळीला तो दाद देत नाही.

रुग्णालयात पोचेपर्यंत पाऊण तास गेला, तरी ताप १०४ च्या वर होता. दोन रात्री अतिदक्षता विभागात काढल्या. डॉक्टरांनी पहिला प्रश्न रक्तदाबाच्या गोळीचा केला. आण्णांच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध होतं, म्हणजे आम्ही पाणी कमी पाजत होतो आणि गोळी असलेलं पाणी बाहेर काढत होती. रक्तातलं सोडियम खूप खाली आलं होतं. घरात कुणी रक्तदाबाच्या, हृदयाच्या किंवा मनाच्या आजाराच्या गोळ्या घेत असेल, तर उन्हाळी प्रवासाआधी आपल्या डॉक्टरांना विचारा. मनाने गोळी बंद मात्र करू नका. डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं, ते मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. शरीराला नव्या हवेची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. पहिले तीन-चार दिवस धोक्याचे, आणि पाहुणा नेमका तेवढेच दिवस राहतो.

तेव्हापासून मी प्रवासाआधी तापमानाच्या शेजारी आर्द्रताही पाहतो. दोन्ही चढे असतील तर म्हाताऱ्या माणसांसाठी सकाळी नऊनंतर काही ठरवत नाही. नुसतं पाणी पीत राहणंही पुरत नाही, मीठही पोटात जायला हवं. जलसंजीवनीची पाकिटं गाडीत असतात, आणि नसतील तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, आणि मीठ अंदाजाने वाढवायचं नाही. सुरतेचं कोल्ड कोको मुलांना जरूर द्या, पण ती तहानेची सोय नव्हे.

गाडीबद्दल एकच सांगतो. उन्हाळ्यात टायरमध्ये हवा कमी ठेवावी, हा सल्ला आमच्याकडे सर्रास दिला जातो आणि मीही निघताना तसंच केलं होतं. हवा कमी असली की टायरच्या बाजू जास्त वाकतात, जास्त तापतात आणि तेच फुटण्याचं कारण होतं. कंपनीने दिलेला दाब गार टायरवर मोजून ठेवावा. परतीला मित्राने आधी ते करून घेतलं, मगच निघू दिलं. महामार्गावर गाडी अडली तर १०३३ हा नंबर आहे.

परतीला पहाटे चारला निघालो आणि ऊन चढायच्या आत सोनगड मागे टाकलं. आण्णा मागच्या सीटवर झोपून होते. त्यांच्या चालण्यातला पूर्वीचा झपाटा काही परत आला नाही, काही नावं आठवायला त्यांना वेळ लागतो.

पुढच्या जानेवारीत त्यांनीच विषय काढला. कबर राहिली होती. आम्ही चौघं पुन्हा गेलो, सकाळी आठला तिथं पोचलो. गारवा होता, आण्णांनी स्वेटर घातला होता. वाटेत त्यांनी मुलीला कॉरिएटची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली. मध्येच एका नावाशी अडखळले, तिने ते पुरवलं, आणि ते पुढे सांगू लागले.