डेअरीचं माप आणि घरचं माप

मैत्रिणींनो, सकाळी डेअरीत किती लिटर दूध घातलं, हे तुम्ही झोपेतसुद्धा सांगाल. आता दुसरा प्रश्न : घरात किती उरलं आणि ते कोण प्यालं?

बहुतेक घरांत उरलेलं दूध चहात जातं. पेलाभर दूध मिळालंच तर ते मुलाला किंवा घरच्या कर्त्याला. धार काढणारी बाई आणि शाळेत जाणारी पोरगी मात्र चहावरच. गोठा आपला, शेण आपण काढायचं, पण दूध आपल्या पोटात नाही.

एका पेल्यात काय मिळतं?
गाईच्या 200 मिली दुधात साधारण 6 ग्रॅम प्रथिनं आणि 240 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. बाईला दिवसाला सुमारे 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. म्हणजे एका पेल्यात जवळपास पाव गरज भागते. बाकीची नाचणी, तीळ, शेवग्याचा पाला यांतून भरून काढता येते. वयात येणाऱ्या मुलीची हाडं याच वर्षांत भरतात. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला तर स्वतःसाठी आणि बाळासाठीही हवं.

दूध पचत नसेल तर?
दही किंवा ताक घ्या. विरजण लागलं की दुधातली साखर कमी होते, त्यामुळे ते अनेकींना सोसतं. लोणी काढलेल्या ताकात चरबी कमी, पण प्रथिनं आणि कॅल्शियम बरंचसं राहतं. ताकात पाणी मात्र बेताचंच घाला.

हे विसरू नका
- दुधात लोह फार कमी असतं. रक्तवाढीसाठी पालेभाजी, कडधान्यं आणि वर लिंबू हवंच. लोहाची गोळी दुधाबरोबर किंवा चहाबरोबर घेऊ नका.
- पहिले 6 महिने बाळाला फक्त आईचं दूध. वरचं दूध नको, पाणीही नको.
- दूध उकळूनच प्या. कच्च्या दुधातून क्षयरोग आणि ब्रुसेलोसिस होऊ शकतो. जनावर गाभडलं असेल तर पशुवैद्यकांना लगेच दाखवा.

मग डेअरीचे पैसे?
पैसा लागतोच, कर्जाचा हप्ता त्यातूनच जातो. म्हणून सगळं दूध घरी ठेवा असं कोणी म्हणत नाही. फक्त क्रम बदलूया. आधी घरचं अर्धा लिटर बाजूला, मग बाकीचं किटलीत. त्या अर्ध्या लिटरवर पहिला हक्क लहान लेकरांचा, वयात येणाऱ्या मुलीचा आणि गरोदर सुनेचा.

पुढच्या बैठकीसाठी
सात दिवस वहीत तीन रकाने लिहा : डेअरीत किती, चहात किती, कोण किती प्यालं. वही घेऊन या. बचतीचा हिशोब आपण मांडतोच, या वेळी दुधाचाही मांडू.