घरातल्या दिव्याखालचा गांजा : वैद्यकीय व्यावसायिकांनी काय जाणावे

भांग, गांजा आणि चरस हे तीन शब्द माळव्यात स्थिरावलेल्या मराठी माणसाला नवे नाहीत. होळीचा घोटा, महाशिवरात्रीची ठंडाई, उज्जैनच्या महाकालाचा भांग-शृंगार आणि शहरातील परवानाधारक भांगेची दुकाने आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. त्यामुळे या वनस्पतीविषयी आपणांस सर्व काही ठाऊक आहे, असा एक सुखद समज आपल्या समाजात आढळतो. गेल्या काही वर्षांत मात्र माझ्याकडे येणारे प्रश्न बदलले आहेत. एक आई विचारते, "मुलगा जर्मनीत शिकतो. घरात गांजाची तीन रोपे लावायला तिथे परवानगी आहे म्हणतो. हे खरे का?" दुसरे गृहस्थ सांगतात, "मुलाने कपाटात दिवा लावून एक रोप वाढवले आहे. हे आपोआप फुलणारे, वेगळ्या जातीचे आहे, खरा गांजा नव्हे, असे तो म्हणतो." तिसऱ्या आजी विचारतात, "नातवाने घरच्या रोपापासून तेल काढले आहे. गुडघ्याला लावू की पोटात घेऊ?"

हे तिन्ही प्रश्न एकाच रोपाभोवती फिरतात. परदेशात त्याला 'ऑटोफ्लॉवरिंग' म्हणतात. आपण त्यास 'स्वयंपुष्पी' म्हणू. या रोपाचे वनस्पतिशास्त्र, त्याचे शरीरावरील परिणाम आणि त्यासंबंधीचा कायदा यांची सांगड घालण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

वनस्पतीचा परिचय

लिनियसने १७५३ साली या वनस्पतीस 'कॅनाबिस सटायव्हा' हे नाव दिले. पुढे १७८५ साली लामार्कने भारतातून गेलेल्या नमुन्यांवरून 'इंडिका' ही जात वेगळी मानली. नर फुले व मादी फुले सामान्यतः वेगवेगळ्या झाडांवर येतात. मादी फुलोऱ्यावर सूक्ष्म ग्रंथिल रोम असतात व त्यांतून राळ स्रवते. मादक द्रव्य प्रामुख्याने याच राळेत असते. म्हणून पानांची भांग सौम्य, फुलोऱ्याचा गांजा तीव्र आणि निव्वळ राळेचा चरस त्याहून तीव्र, ही आपली परंपरागत चढती भाजणी शास्त्रालाही मान्य आहे.

मादी फुलाचे परागीभवन झाले की रोपाची शक्ती बी धरण्याकडे वळते व राळ कमी होते. यास्तव नर झाडे वेळीच उपटावी लागतात. ब्रिटिश सरकारने १८९३ साली नेमलेल्या आणि १८९४ साली अहवाल देणाऱ्या 'इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन'ने या कामाचे तपशीलवार वर्णन केले आहे. बंगालमध्ये नर झाडे ओळखणारा जाणकार शेताशेतांतून फिरत असे आणि इंग्रज अधिकारी त्याला 'गांजा-डॉक्टर' म्हणत. आपल्या व्यवसायबंधूंना हे बिरुद वाचून हसू येईल! त्या काळी मध्य प्रांतात गांजाची परवानगीप्राप्त लागवड निमाड जिल्ह्यात, खंडव्याच्या परिसरात होत असे. म्हणजे इंदूरहून काही तासांच्या अंतरावरच हा इतिहास घडला आहे.

स्वयंपुष्पी जात म्हणजे काय?

भारतीय गांजा ही 'अल्पदिवसी' वनस्पती आहे. रात्र पुरेशी लांब झाल्याशिवाय ती फुलत नाही. दिवस-रात्रीच्या लांबीवर फुलोरा अवलंबून असतो, हे तत्त्व गार्नर व अॅलार्ड यांनी १९२० साली तंबाखू व सोयाबीन यांच्यावरील प्रयोगांतून मांडले. शेवंती उशिरा शरदात का फुलते, याचे उत्तरही हेच आहे.

रशियाच्या आग्नेय भागात मात्र या वनस्पतीचा एक बुटका, रानटी प्रकार आढळतो. यानिशेव्हस्की या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९२४ साली त्याचे 'रुडेरॅलिस', म्हणजे पडीक व ढिगाऱ्याच्या जागी उगवणारा, असे नामकरण केले. तेथील उन्हाळा अगदी अल्प. दिवस लहान होण्याची वाट पाहिली तर बी धरण्यापूर्वीच थंडी गाठते. म्हणून या प्रकाराने वाट पाहणे सोडले. उगवल्यानंतर तीन-चार आठवड्यांत, दिवस कितीही मोठा असो, तो केवळ वयानुसार फुलू लागतो. त्याच्यात मादक द्रव्य मात्र अत्यल्प असते.

एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून संकरकांनी या रानटी प्रकाराचा वयानुसार फुलण्याचा गुण तीव्र गांजाच्या जातींत उतरवला. हा गुण मुख्यतः अप्रभावी जनुकाचा असल्याने पहिल्या पिढीत तो लपतो आणि पुढच्या पिढ्यांत निवड करून पक्का करावा लागतो. प्रारंभीचे संकर सौम्य होते. आजचे तसे राहिलेले नाहीत. फुलण्याची रीत रशियन रानातली राहिली, राळ मात्र तीव्र जातींची आली. म्हणून 'हा खरा गांजा नव्हे' हे विधान वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने टिकत नाही.

शेतातून कपाटात

पूर्वी गांजासाठी तीन गोष्टी लागत : शेत, ऋतू आणि नर झाड ओळखणारा जाणकार. आता केवळ मादी रोपेच देणाऱ्या बियांमुळे जाणकाराची गरज उरली नाही. स्वयंपुष्पी गुणामुळे ऋतू गळाला आणि एलईडी दिव्यांमुळे शेतही. बीपासून कापणीपर्यंत साधारणतः अडीच-तीन महिने लागतात. रोप अनेकदा कंबरेच्याही खाली राहते आणि कपड्यांच्या कपाटाएवढ्या जागेत मावते. या बदलाचा वैद्यकीय अर्थ असा, की व्यसनाचे साधन आता गल्लीतल्या विक्रेत्याकडे नसून मुलाच्या खोलीत असू शकते, आणि ते रोज हाताशी असते.

बंदिस्त जागेतील या लागवडीचे स्वतःचे धोकेही आहेत. दमट हवेमुळे बुरशी वाढते. दमेकऱ्यास तिचा त्रास होतोच. शिवाय प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्या रुग्णांत गांजाच्या धुरातून अॅस्परजिलसचा गंभीर फुप्फुससंसर्ग झाल्याच्या नोंदी आहेत. घरगुती वायरिंगवर रात्रंदिवस पडणारा दिवे-पंख्यांचा भार हा आगीस आमंत्रण देणारा असतो. घरात लहान मूल असेल तर सर्वांत मोठा धोका त्यालाच. गांजा घालून केलेली बिस्किटे वा चॉकलेट मुलाने खाल्ल्यास तंद्री, तोल जाणे, क्वचित बेशुद्धी व श्वासमंदता येऊ शकते. त्यावर उतारा नाही. श्वास व रक्ताभिसरण सांभाळत रुग्णालयात निरीक्षण करणे हाच उपचार होय.

शरीरात काय घडते?

गाओनी व मेकूलम यांनी १९६४ साली टीएचसी हा मुख्य मादक घटक शुद्ध स्वरूपात वेगळा केला. मेंदूतील सीबी-१ हा त्याचा ग्राहक १९९० साली ओळखला गेला. १९९२ साली शरीरातच तयार होणारे, त्याच ग्राहकास चिकटणारे द्रव्य सापडले आणि त्याला संस्कृत 'आनंद' या शब्दावरून 'आनंदामाइड' असे नाव देण्यात आले.

ओढलेला गांजा काही मिनिटांत चढतो. खाल्लेला गांजा यकृतातून जाताना अधिक प्रभावी रूप धारण करतो आणि अर्ध्या ते दोन तासांनी चढतो. 'काहीच झाले नाही' म्हणून दुसरा घास घेणाऱ्याची फसगत येथेच होते. टीएचसी मेदात साठतो, म्हणून नित्य सेवन करणाऱ्याची लघवी-तपासणी सेवन थांबवल्यावरही काही आठवडे सकारात्मक राहू शकते. नोकरीपूर्व तपासणीसाठी येणाऱ्या तरुणांच्या बाबतीत हे ध्यानात ठेवावे.

'आपले आजोबाही भांग घेत' हा युक्तिवाद ऐकू येतो. आजोबांची भांग पानांची होती आणि वर्षातून एक-दोन सणांपुरती. अमेरिकेत जप्त झालेल्या मालातील टीएचसीचे सरासरी प्रमाण १९९५ साली सुमारे ४ टक्के होते. २०१४ साली ते सुमारे १२ टक्क्यांवर गेले. मात्रा बदलली की द्रव्याचे स्वरूपही बदलते, हे औषधशास्त्राच्या विद्यार्थ्यास वेगळे सांगावयास नको.

दवाखान्यात काय दिसते?

पहिली बाब मनोविकाराची. स्वीडनमधील ४५ हजारांहून अधिक सैन्यभरती तरुणांच्या १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पन्नासहून अधिक वेळा सेवन केलेल्यांमध्ये पुढे स्किझोफ्रेनियाचा धोका सुमारे सहापट आढळला. युरोप व ब्राझीलमधील केंद्रांच्या २०१९ सालच्या अभ्यासात, १० टक्के वा त्याहून अधिक टीएचसीचा माल रोज वापरणाऱ्यांत सायकोसिसची शक्यता जवळजवळ पाचपट दिसली. प्रत्येक सेवन करणाऱ्यास हा विकार होतो, असा याचा अर्थ नव्हे. परंतु कुटुंबात असा आजार असेल व वय विशीच्या आत असेल, तर 'थोडेसे चालेल' असे डॉक्टरने कदापि म्हणू नये.

दुसरी बाब अवलंबित्वाची. कधीतरी सेवन केलेल्यांपैकी सुमारे ९ टक्के लोकांत अवलंबित्व निर्माण होते. किशोरवयात आरंभ झाल्यास हे प्रमाण बरेच वाढते. सेवन थांबवल्यावर चिडचिड, निद्रानाश व भूक मंदावणे ही लक्षणे पहिल्या आठवड्यात तीव्र असतात.

तिसरी बाब आपल्या निदानातून सहज निसटणारी आहे. वारंवार उलट्या, पोटदुखी, सर्व तपासण्या सामान्य आणि गरम पाण्याने स्नान केल्यावरच आराम, असा तरुण रुग्ण आला तर गांजाजन्य अतिवमन लक्षणसमूहाचा विचार करावा. याचे सविस्तर वर्णन ऑस्ट्रेलियातून २००४ साली प्रसिद्ध झाले. सेवन पूर्णतः बंद करणे हाच याचा टिकाऊ उपाय. "दिवसातून किती वेळा अंघोळ करतोस?" हा एक प्रश्न अनेक एंडोस्कोपी वाचवू शकतो.

हृदयरुग्णांबाबतही सावध राहावे. ओढल्यानंतरच्या पहिल्या तासात हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सुमारे पाचपट झाल्याचे २००१ सालच्या एका अभ्यासात दिसले होते.

औषध म्हणून स्थान

आयुर्वेदात 'विजया' या नावाने ही वनस्पती शतकानुशतके वापरात आहे. आधुनिक वैद्यकात तिला आणण्याचे श्रेय कलकत्त्यात काम करणारे डॉ. विल्यम ओशॉनेसी यांच्याकडे जाते. त्यांनी १८३९ साली धनुर्वात, आचके इत्यादींवरील आपले अनुभव मांडले. अमेरिकेत जून २०१८ मध्ये शुद्ध सीबीडीचे औषध ड्रावे व लेनॉक्स-गॅस्टो या अपस्मारांच्या कठीण प्रकारांसाठी मान्य झाले. संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये या वनस्पतीस सर्वांत कडक चौथ्या परिशिष्टातून वगळले, आणि भारताने त्या बाजूने मत दिले. वनस्पतीत औषधी गुण आहेत, हे निर्विवाद आहे.

तरीही आजींच्या प्रश्नाचे उत्तर 'नको' असेच आहे. औषधास निश्चित मात्रा लागते. कपाटातल्या रोपाच्या तेलात टीएचसी किती, सीबीडी किती, बुरशी किंवा कीटकनाशक किती, हे कोणीही सांगू शकत नाही. शिवाय वॉरफेरिन घेणाऱ्याचा आयएनआर वाढू शकतो, क्लोबाझामच्या क्रियाशील घटकाची पातळी चढते आणि व्हॅल्प्रोएटसोबत यकृताची एन्झाइमे वाढतात. वृद्धास त्यातून चक्कर आली तर गुडघेदुखी परवडली, पण खुब्याचे हाड मोडणे परवडणार नाही.

कायदा काय म्हणतो?

कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून केंद्रीय कायद्याने प्रत्येक घरास चार रोपांची मुभा आहे, परंतु क्वेबेक प्रांताने ती नाकारली आहे. जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून प्रौढ व्यक्तीस तीन रोपांची मुभा मिळाली. म्हणजे पहिल्या आईचा मुलगा खरे बोलत होता. परंतु तेथे कायदेशीर झाले म्हणून ते निरुपद्रवी झाले, असे नव्हे. आणि सुटीत घरी येताना पुडी वा तेलाची कुपी आणणे हा भारतात गंभीर गुन्हा ठरतो.

आपल्याकडील १९८५ च्या एनडीपीएस कायद्याने गांजाच्या व्याख्येतून फुलोऱ्याविना असलेली पाने व बिया वगळल्या. भांगेची दुकाने चालतात ती या तरतुदीमुळे. मात्र त्याच कायद्यात 'कॅनाबिसचे झाड' म्हणजे या प्रजातीचे कोणतेही झाड, अशी व्याख्या आहे. रशियन, बुटके, स्वयंपुष्पी, सर्व त्यात आले. परवान्याविना लागवडीस दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्यासाठी रोपांची किमान संख्या ठरवलेली नाही. आपल्या जागेचा असा वापर जाणूनबुजून होऊ देणाऱ्या घरमालकावरही जबाबदारी येते. दुसऱ्या गृहस्थांना म्हणूनच मी सांगितले, की हा प्रश्न केवळ मुलाचा राहिलेला नाही. मुलाशी आजच बोला आणि वकिलाचा सल्ला घ्या.

याच कायद्याचे कलम ६४-अ डॉक्टरांनी आवर्जून लक्षात ठेवावे. केवळ सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातील व्यसनी व्यक्ती स्वेच्छेने मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेत असेल, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. उपचाराचे दार कायद्याने उघडे ठेवले आहे, ही गोष्ट घाबरलेल्या पालकांना फार मोठा धीर देते.

आपले कर्तव्य

केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या व २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार, देशातील १० ते ७५ वयोगटातील २.८ टक्के, म्हणजे सुमारे ३.१ कोटी लोकांनी वर्षभरात भांग, गांजा वा चरस यांपैकी काही घेतले होते. हे लोक आपल्याच प्रतीक्षाकक्षात बसलेले असतात. तंबाखू व मद्य यांच्या चौकशीसोबतच "भांग-गांजा घेता का? ओढता की खाता? आठवड्यातून किती वेळा?" असे तीन प्रश्न, आवाजात न्यायाधीशाचा सूर न आणता, प्रत्येक तरुण रुग्णास एकांतात विचारावेत. पालकांसमोर विचारलेल्या प्रश्नाला खरे उत्तर मिळत नाही.

पालकांनाही एक विनंती आहे. बंद खोलीतला सततचा उजेड, उग्र वास, बदललेली झोप आणि घसरलेला अभ्यास ही लक्षणे आहेत. त्यांना अपराधाचे पुरावे मानून आरडाओरडा केल्यास मूल दूर जाते. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास सुरू असतो आणि आपल्या शहरात मनोविकारतज्ज्ञ आहेत. रोप कपाटातून काढणे दहा मिनिटांचे काम आहे. ते तेथे का आले, हे मुलाकडून समजून घेण्यास अनेक भेटी लागतात, आणि त्या भेटींसाठी आपली दारे उघडी असली पाहिजेत.