लाहोरचा ‘एल’ आणि राणीछाप रुपया

चंदीगढ हे शहर ब्रिटिश अमदानीत अस्तित्वातच नव्हते. १९४७ च्या फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेले, पंजाबला नवी राजधानी हवी झाली आणि ७ ऑक्टोबर १९५३ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते या शहराचे उद्घाटन झाले. तेथील इंडस्ट्रियल एरियात नट-बोल्टचे कारखाने आहेत, मुलामा देणारी युनिट्स आहेत. धातूची पारख हा तेथील रोजचा व्यवहार. ब्रिटिशकालीन नाण्यांचा अभ्यास अशा ठिकाणाहून सुरू करणे विचित्र वाटेल. पण पंजाबचे हरवलेले लाहोर ज्या नाण्यांवर एका अक्षराच्या रूपाने उरले आहे, ती नाणी समजून घ्यायला यापेक्षा समर्पक जागा सापडणे कठीण.

दुसऱ्या महायुद्धात नाण्यांची मागणी इतकी वाढली, की मुंबई व कलकत्ता या टांकसाळींच्या जोडीला १९४३ मध्ये लाहोरची टांकसाळ कामाला लागली. तेथे पाडलेल्या १९४३ ते १९४५ या सालांच्या नाण्यांवर इंग्रजी ‘एल’ हे बारीक अक्षर आढळते. मुंबईच्या नाण्यांवर बहुधा टिंब किंवा चौकट असते. कलकत्त्याच्या नाण्यांवर सहसा कोणतीच खूण नसते. चार वर्षांत लाहोर परक्या देशात गेले.

या अक्षराइतकेच महत्त्व नाण्याच्या धातूला आहे. १८३५ च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या साऱ्या मुलखात एकच रुपया रूढ झाला. त्याचे वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा अथवा ११.६६ ग्रॅम, आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. आपल्याकडे ज्याला आदराने ‘राणीछाप’ म्हटले जाई, तो व्हिक्टोरिया राणीचा रुपया याच मापाचा. पुढे १९४० मध्ये फ्रान्सचा पाडाव झाल्यावर लोकांनी चांदीची नाणी घरात दडवण्यास आरंभ केला. सरकारने एक रुपयाची नोट काढली आणि रुपयातील चांदी निम्म्यावर आणली. वजन मात्र तेच राहिले. त्यामुळे तराजूत दोन्ही रुपये सारखे भरतात. प्रत्यक्षात एकात सुमारे १०.६९ ग्रॅम चांदी असते, तर दुसऱ्यात ५.८३ ग्रॅम. १९४७ चा रुपया तर निव्वळ निकेलचा. तो लोहचुंबकाला चिकटतो. आजीच्या गाठोड्यातील नाणी सराफाकडे नेण्यापूर्वी त्यांवरील साल वाचावे ते याचसाठी. लाहोरचे रुपये अर्थातच निम्म्या चांदीचे आहेत.

साल वाचतानाही थोडी सावधगिरी हवी. १८६२ साल असलेले राणीछाप रुपये १८७४ पर्यंत पाडले जात होते. मुंबईच्या टांकसाळीने बारीक टिंबांची संख्या बदलून त्या त्या वर्षाची नोंद ठेवली. १९११ च्या पंचम जॉर्जच्या रुपयावरील हत्ती डुकरासारखा दिसतो, अशी ओरड झाली. बहुतेक नाणी वितळवण्यात आली आणि १९१२ पासून चित्र सुधारले. म्हणूनच ते १९११ चे नाणे संग्राहकांना हवेहवेसे वाटते.

धातूच्या कामात मुरलेल्या माणसाला काळवंडलेले नाणे दिसले, की ते बफिंगच्या चाकावर धरून लखलखीत करण्याचा मोह होतो. हा मोह टाळावा. घासल्याने टिंब, अक्षर, कडेच्या बारीक रेघा झिजतात आणि नाणे केवळ धातूचा तुकडा होऊन बसते. चिंच, राख, टूथपेस्ट हे घरगुती उपायही तितकेच घातक. नाणे कडेने धरावे, कोरड्या कागदी पाकिटात ठेवावे आणि ते कोणाकडून, कोठून आले हे पाकिटावर लिहावे. ‘आजोबांनी १९४७ मध्ये लाहोरहून आणले’ एवढी एक ओळ पुढच्या पिढीला नाण्याच्या बाजारभावापेक्षा अधिक काही देऊन जाईल.

बाजारात खोट्या नाण्यांचाही सुळसुळाट आहे. कंपनीचे नाव, १८१८ साल आणि राम-सीता-हनुमान यांची चित्रे असलेली जी तांब्याची नाणी लाखमोलाची म्हणून दाखवतात, ती कंपनीने कधीच पाडली नाहीत. तांदूळ खेचून घेणारे ‘चमत्कारी’ नाणे हाही फसवणुकीचाच प्रकार. जुनी नाणी विकत घेण्याचे आमिष दाखवून, रिझर्व्ह बँकेचे नाव सांगून आधी शुल्क वा कर उकळणाऱ्यांबाबत रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला होता. अशा व्यवहारात ती बँक पडत नाही आणि कोणाकडून शुल्कही घेत नाही. असा दूरध्वनी आल्यास खाते क्रमांक वा ओटीपी देऊ नये. प्रथम आपल्या शाखेत विचारावे.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला ते परदेशी पाठवता येत नाही. पाया खणताना जमिनीत धन सापडल्यास १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. त्यासाठी त्या कायद्याने घातलेली मर्यादा आहे दहा रुपयांची!

ज्यांना हा छंद शास्त्रशुद्ध रीतीने जोपासायचा आहे, त्यांनी नाशिकजवळ अंजनेरी येथील नाणकशास्त्र संशोधन संस्थेला आणि मुंबईतील रिझर्व्ह बँकेच्या नाणे संग्रहालयाला अवश्य भेट द्यावी. जाताना एक भिंग सोबत असावे. लाहोरचा ‘एल’ नुसत्या डोळ्यांना चटकन दिसत नाही.