दिल्लीकर ठरतो शाळेच्या पत्त्यावर

दिल्ली मेट्रोच्या ब्लू लाइनवर न्यू अशोक नगर आणि नोएडा सेक्टर १५ ही लागोपाठची स्टेशनं. पहिलं दिल्लीत, दुसरं उत्तर प्रदेशात. अकरावीला मुलाचं नाव यांतल्या अलीकडच्या शाळेत घातलं की पलीकडच्या, यावर दोन वर्षांनी बरंच काही ठरतं. दिल्ली सरकारच्या विद्यापीठांत ८५ टक्के जागा दिल्लीच्या मुलांना आणि १५ टक्के बाहेरच्यांना. आपला मुलगा कोणत्या रांगेत आहे, हे अनेक घरांत कळतं ते जेईईचा निकाल लागल्यावर, कौन्सेलिंगचा फॉर्म भरताना.

नियम तसा एका ओळीचा आहे. डीटीयू, एनएसयूटी, ट्रिपल आयटी दिल्ली आणि मुलींचं इंदिरा गांधी तंत्र विद्यापीठ यांच्या बी.टेक.च्या जागा ‘जॅक दिल्ली’ या एकत्रित कौन्सेलिंगमधून भरतात. तिथे ‘दिल्लीचा’ म्हणजे दिल्लीतल्या शाळेतून बारावी झालेला. आधार, रेशनकार्ड, भाडेकरार, मतदारयादीतलं नाव, यांतलं काहीही पुढे केलं तरी हा शिक्का बदलत नाही. त्यामुळे गाझियाबादच्या इंदिरापुरममधून रोज मयूर विहारच्या शाळेत येणारी मुलगी दिल्लीकर, आणि जनकपुरीत तीन पिढ्या काढलेल्या घरातला, पण गुरुग्रामच्या चकचकीत शाळेत जाणारा मुलगा बाहेरचा! पहाडगंजच्या नूतन मराठी शाळेतून बारावी झालेला विद्यार्थी मात्र कुठेही राहत असो, निर्धास्त.

पालकांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: बाहेरच्यांना फी जास्त का? इथे नाही. डीटीयूत बी.टेक.ची फी वर्षाला दोन लाखांच्या वर जाते आणि ती दोघांना सारखीच. फरक पडतो रँकमध्ये. ज्या रँकवर दिल्लीच्या मुलाला कॉम्प्युटर सायन्स मिळतं, त्याच रँकवर बाहेरच्याला दुय्यम शाखेवर समाधान मानावं लागतं किंवा हात हलवत परतावं लागतं. मग खासगी विद्यापीठाची फी भरायची वेळ येते. रहिवासाचा खरा भुर्दंड बसतो तो असा, आडवळणाने. अमेरिकेतल्या सरकारी विद्यापीठांत तो सरळ फीच्या पावतीवर छापलेला असतो. राज्याबाहेरच्याला तिथे कितीतरी पट जास्त मोजावे लागतात, आणि कॅलिफोर्निया विद्यापीठात ‘आतला’ ठरायला आधी ३६६ दिवसांचं वास्तव्य दाखवावं लागतं.

आपल्याकडेही अशी पावती फाडली गेली आहे, आणि ती एका दिल्लीकराच्याच नावावर. १९५२मध्ये दिल्लीच्या डी. पी. जोशी या विद्यार्थ्याने इंदूरच्या महात्मा गांधी मेमोरियल मेडिकल कॉलेजात प्रवेश घेतला. मध्य भारत राज्याबाहेरचा म्हणून त्याच्याकडे वर्षाला १,५०० रुपये कॅपिटेशन फी मागितली; राज्यातल्या मुलांना ती माफ होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. जन्मस्थान आणि रहिवास या वेगळ्या गोष्टी आहेत, घटनेच्या १५व्या कलमात मनाई आहे ती जन्मस्थानावरून भेद करायला, असं सांगून न्यायालयाने १९५५मध्ये बहुमताने राज्याची बाजू उचलून धरली. रहिवासावरच्या कोट्यांच्या वादात आजही या निकालाचा दाखला दिला जातो. अलीकडे, जानेवारी २०२५मध्ये, पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशातला रहिवासाचा कोटा न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला. एमबीबीएसचा मात्र शाबूत आहे.

आणि खरी मेख एमबीबीएसमध्येच आहे. मौलाना आझाद, लेडी हार्डिंग, यूसीएमएस या कॉलेजांत दिल्लीच्या कोट्यासाठी अकरावी आणि बारावी ही दोन्ही वर्षं दिल्लीच्या शाळेत झालेली लागतात. महाराष्ट्राच्या ८५ टक्क्यांसाठी डोमिसाइलबरोबर दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून हवी. आता रोहिणीतल्या एका मराठी कुटुंबाची कल्पना करा. मुलगी दहावी दिल्लीत होते आणि नीटच्या तयारीसाठी तिला लातूरला मावशीकडे पाठवतात. बारावी लातूरची, म्हणून दिल्ली गेली. दहावी दिल्लीची, म्हणून महाराष्ट्रही गेला. सरकारी नोकरांच्या मुलांना काही सवलती आहेत, पण बाकीच्यांना वाट बंद. हातात उरला तो अखिल भारतीय १५ टक्के कोटा. मार्क तेच, मेहनत तीच.

यातून पळवाट म्हणून डमी शाळा फोफावल्या. नाव दिल्लीच्या शाळेत, मुलगा राजस्थानातल्या कोटा शहरातल्या क्लासमध्ये. नोव्हेंबर २०२४मध्ये सीबीएसईने अशा २१ शाळांची संलग्नता काढून घेतली, त्यांतल्या १६ दिल्लीतल्या होत्या. ‘आमच्याकडे हजेरीचं टेन्शन नाही’ असं प्रवेशाच्या वेळीच सांगणाऱ्या शाळेपासून लांब राहिलेलं बरं. शाळा अडचणीत आली की सगळ्यात आधी बारावीची मुलं टांगणीला लागतात.

दिल्ली विद्यापीठ, जेएनयू, जामिया यांच्यासाठी एवढा जीव काढायचं कारण नाही. ती केंद्रीय विद्यापीठं आहेत आणि तिथे, वैद्यकीय प्रवेश सोडले तर, रहिवासाचा असा कोटा नाही. आयआयटीतही नाही. एनआयटीत मात्र निम्म्या जागा राज्यातल्यांना असतात आणि तिथेही बारावीच बघतात, तीही पहिल्यांदा जिथून पास झाला ती. दिल्लीतून बारावी म्हणजे एनआयटी दिल्ली, नोएडातून म्हणजे प्रयागराज, महाराष्ट्रातून म्हणजे नागपूरचं व्हीएनआयटी. मार्क वाढवायला दुसऱ्या राज्यातून पुन्हा बारावी दिली तरी पहिला शिक्का पुसला जात नाही.

मराठी घरांसाठी एक दार मात्र अजून किलकिलं आहे, आणि ते दिल्लीत फारसं कुणी सांगत नाही. महाराष्ट्राच्या इंजिनीअरिंग प्रवेशात ‘टाइप बी’ नावाचा वर्ग आहे. दहावी-बारावी बाहेर झाली असली, तरी विद्यार्थ्याकडे किंवा त्याच्या आई-वडिलांपैकी एकाकडे महाराष्ट्राचं डोमिसाइल प्रमाणपत्र असेल, तर तो महाराष्ट्राचा उमेदवार धरला जातो. बेळगावसारख्या सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी ‘टाइप ई’ वेगळा. या प्रमाणपत्राला साधारण १५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. वीस वर्षांपूर्वी नोकरीसाठी दिल्लीला आलेल्या वडिलांना आज तो नव्याने जमवायचा म्हणजे तहसील कचेरीत खेटे घालणं आलं. पण आईने स्वतःच्या कॉलेज प्रवेशाच्या वेळी काढलेला दाखला माहेरच्या ट्रंकेत पडून असण्याची शक्यता बरीच असते. मुलगा नववी-दहावीत असतानाच तो शोधून ठेवावा आणि महाराष्ट्राचे हे प्रवेश करणाऱ्या सीईटी सेलच्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेशी ताडून बघावा.